शाळेचा लसींचा सूट-फॉर्म सही करून द्यायचा का? टेक्सासमधल्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र (थोडं छोटं केलंय):

ताई, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, ऑगस्टमध्ये तिचं किंडरगार्टन सुरू होतंय, आणि मुलगा चार महिन्यांचा. मुलगी वर्षाची झाली तेव्हा लसी दिल्या आणि आठवड्याभराने रात्री तिला सणसणून ताप भरला आणि झटका आला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं. ॲम्ब्युलन्स बोलवली. डॉक्टर म्हणाले तापामुळे झालं, घाबरू नका. पण त्या रात्रीनंतर माझा नवरा बदललाच. तेव्हापासून मुलीला एकही लस नाही, आणि धाकट्यालाही दोन महिन्यांच्या लसी दिल्या नाहीत, "बघू नंतर" चाललंय. आता त्याने शाळेसाठी तो कॉन्शन्सवाला, म्हणजे सदसद्विवेकाच्या कारणाने लसींतून सूट मागायचा एक्झेम्प्शन फॉर्म डाउनलोड केलाय, म्हणतो नोटरी केली की झालं, कायद्यानेच परवानगी आहे. तो एका पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, तिथून रोज व्हिडिओ येतात. सासूबाई कराडहून यायच्यात, त्या म्हणतात आमच्या वेळी सगळ्यांना गोवर यायचा, कडुलिंबाचा पाला घातला की जायचा. डिसेंबरमध्ये दिराच्या लग्नाला सगळे भारतात जाणार. माझं मन सही करायला तयार नाही, पण मला डेटा-बिटा सांगता येत नाही आणि रोज भांडणही नकोय. काय करू?

उत्तर:

सही करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको लागायला. पण नवऱ्याशी भांडूही नकोस, कारण तुझ्या पत्रावरून मला तरी तो हट्टी माणूस वाटला नाही, मला तो घाबरलेला बाप वाटला. आपल्या वर्षाच्या पोरीचं अंग हातात ताठ झालेलं ज्याने बघितलंय त्याला "अरे विज्ञान असं सांगतं" म्हणून काय उपयोग, त्याच्या डोळ्यांसमोर ती रात्रच उभी राहणार. आणि मला शंका आहे की त्या रात्रीबद्दल कुणी त्याच्याशी शांतपणे, पंधरा मिनिटं बसून बोललेलंच नाही. "घाबरू नका" म्हणून घरी पाठवलं, आणि जी जागा रिकामी राहिली ती त्या ग्रुपने भरून काढली.

म्हणून आधी त्या झटक्याबद्दलच बोलूया, बाकी सगळं नंतर.

लहान मुलांना ताप चढताना येतो त्याला तापाचा झटका म्हणतात, डॉक्टर फेब्राइल सीझर म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तो कधी ना कधी येतो, साध्या सर्दीतापाने पण येतो, कानाच्या इन्फेक्शनने पण येतो. आणि हो, एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला या लसीनेही येऊ शकतो, हे कुणी लपवलेलं नाही. पहिल्या डोसनंतर साधारण पाच ते बारा दिवसांत काही मुलांना ताप येतो आणि त्यातून तीन-चार हजार डोसमागे एखादा जादाचा झटका येतो. तू लिहिलंस "आठवड्याभराने", म्हणजे वेळ जुळते. म्हणजे तुझ्या नवऱ्याला जे वाटतंय की लसीचा आणि झटक्याचा संबंध होता, ते बहुतेक बरोबरच आहे! हे त्याला तूच सांग. "तुला भास झाला, योगायोग होता" असं त्याला आजवर ऐकायला लागलं असेल तर तो चिडणारच ना. चूक आहे ती त्याच्या पुढच्या पायरीत, की म्हणून आता सगळ्याच लसी बंद. कारण असा साधा झटका दिसायला भयंकर असला तरी मेंदूला इजा करून जात नाही, मूल पुढे नीट वाढतं, तुमची मुलगी साडेचार वर्षांची धडधाकट तुमच्या समोर आहेच.

आता एक गोष्ट नीट लक्ष देऊन वाच, कारण मला वाटतं ही त्याला कुणी सांगितलेली नसणार. अमेरिकेत वर्षाच्या मुलांना ही लस दोन प्रकारे मिळते. एक, एमएमआर वेगळी आणि कांजिण्यांची वेगळी. दुसरी, चारही एकत्र एकाच सुईत, तिला एमएमआरव्ही म्हणतात. या एकत्र लसीने पहिल्या डोसच्या वयात झटक्याची शक्यता वेगवेगळ्या लसींपेक्षा जास्त असते, म्हणून पहिला डोस वेगळावेगळाच द्यावा असं सांगितलं जातं, आणि ज्या मुलाला पूर्वी झटका येऊन गेलाय किंवा ज्याच्या आईबापाला किंवा भावंडाला आलाय त्याला तर ही एकत्र लस टाळून वेगळीच देतात. दुसरा डोस चार ते सहा वर्षांच्या वयात असतो, त्या वयात या लसीने झटक्याचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणजे तुमच्या मुलीसाठी सुरक्षित वाट ऑलरेडी ठरलेली आहे, तिच्यासारख्या मुलांचा विचार करूनच ठरवलेली आहे. आणि धाकट्याच्या बाबतीतही हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, की बहिणीला झटका आला होता.

मला वाटतं तुझ्या नवऱ्याला हेच हवंय, त्याच्या भीतीला कुणीतरी खरं मानून उत्तर द्यावं.

आता फॉर्मबद्दल. कायद्याने परवानगी आहे हे खरं. टेक्सासमध्ये २००३ पासून "रीझन्स ऑफ कॉन्शन्स" म्हणून सूट घेता येते, कारण विचारत नाहीत, आणि पूर्वी तो फॉर्म राज्याच्या आरोग्य खात्याकडून मागवायला लागायचा तो सप्टेंबर २०२५ पासून सरळ डाउनलोड होतो. सगळीकडे असं नाही, कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर अशी वैयक्तिक मताची सूट काढूनच टाकली, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक सूट काढली. तुमच्याकडे आहे. पण परवानगी आहे म्हणून घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे? आणि सदसद्विवेक म्हणून सही करायची तर मनापासून तशी श्रद्धा तरी हवी. तुमच्या घरी अशी काही श्रद्धा नाहीये, तुमच्या घरी एका रात्रीची भीती आहे, आणि तिच्यावर सही केली की ती भीती दोन वर्षांसाठी पक्की होते कारण तो फॉर्म दोन वर्षं चालतो. "बघू नंतर" म्हणणाऱ्या माणसाच्या हातात दोन वर्षांचा कागद देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलीला खरंच वैद्यकीय कारणाने लस चालत नसती, म्हणजे आधीच्या डोसने जीवघेणी ॲलर्जी झाली असती किंवा तिची प्रतिकारशक्तीच फार कमी असती, तर त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची वेगळी सूट आहे. नवऱ्याला म्हण, तुला वाटतंय ना तिला धोका आहे, मग डॉक्टरांना विचारूया की ते मेडिकल सूट देतील का. ते नाही म्हणाले तर का नाही ते त्यांच्याच तोंडून ऐकूया.

ऑगस्टपर्यंत सगळे डोस कसे बसणार याची काळजी असेल तर तीही सोड. राहिलेल्या लसींचं कॅच-अप वेळापत्रक असतं, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, घेतलेले डोस मोजले जातात. आणि टेक्सासमध्ये प्रत्येक लागणाऱ्या लसीचा निदान एक डोस झाला असेल आणि पुढचे वेळेवर चालू असतील तर शाळा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता प्रवेश देते. म्हणजे वेळ कमी आहे म्हणून फॉर्म भरतोय, हे कारणही उरत नाही.

आता तुमच्याच राज्यात काय झालं ते. तुमच्यापासून गाडीने पाच-सहा तासांवर पश्चिम टेक्सासात गेन्स काउंटी आहे, सेमिनोल नावाचं गाव. तिथे खूप पालकांनी हीच सूट घेतलेली होती, किंडरगार्टनच्या मुलांत एमएमआर झालेली फक्त ८२ टक्के होती, आणि गोवर थोपवायला साधारण ९५ लागतात. २०२५ च्या जानेवारीत तिथे गोवर शिरला आणि ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर राज्यात ७६२ जणांना झाला, नव्व्याण्णव जण हॉस्पिटलात गेले, आणि दोन मुली गेल्या. एक सहा वर्षांची, एक आठ वर्षांची. दोघींनाही लस नव्हती, दोघींनाही दुसरा कुठला आजार नव्हता. त्या आईबापांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये, त्यांचंही आपल्या मुलींवर जिवापाड प्रेम असणार, आणि म्हणूनच हे वाचताना पोटात तुटतं. प्रेम कमी पडलं नव्हतं, लस नव्हती.

गोवराचं अवघड हे आहे की तो फार सहज पसरतो. आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना लागतो. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून माणूस तो पसरवत असतो, म्हणजे "आजारी मुलांपासून लांब ठेवू" हा उपाय इथे चालतच नाही.

सासूबाईंचं बोलणं उडवून लावू नकोस. त्या खरंच सांगताहेत, त्यांच्या लहानपणी गोवर घरोघरी यायचा, मूल अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, घरात फोडणी बंद, अंथरुणात कडुलिंबाचा पाला, आणि बरीच मुलं उठून खेळायलाही लागायची. पण त्यांना प्रेमाने विचार, की आई, तुमच्या गावात गोवरानंतर कुणाचं मूल गेलं नाही का हो? जुलाब लागून, छातीत कफ भरून? कुणाचे डोळे गेले नाहीत का? मला खात्री आहे दोन मिनिटं त्या गप्प बसतील आणि मग एखादं नाव सांगतील. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बायकांकडे अशी नावं असतात, फक्त ती "गोवराने गेला" म्हणून लक्षात नसतात, "नीट बाहेर आला नाही" किंवा "नंतर आजारीच पडत गेला" म्हणून असतात. आणि तेही खरंच आहे, कारण गोवर अंगातली जुनी प्रतिकारशक्ती पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तर इतर आजारांविरुद्ध आधी कमावलेल्या अँटीबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के गायब झालेल्या होत्या, २०१९ मध्ये हे छापून आलं. म्हणून गोवरातून उठलेलं मूल पुढे कितीतरी महिने दुसऱ्याच कशाने तरी आजारी पडत राहतं. आणि क्वचित, पुरळ विसरून गेल्यावर सात-दहा वर्षांनी, तोच विषाणू मेंदूत उठतो आणि त्याला उपाय नसतो.

भारतात सरकारी लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आली. सासूबाईंच्या लहानपणी ती नव्हतीच, त्यांच्या आईला निवड करायला मिळालीच नाही. मला तर वाटतं कडुलिंबाचा पाला घालून रात्रभर उशाशी बसलेल्या त्या आजीला कुणी सुई दिली असती तर तिने दुसऱ्या गावापर्यंत चालत जाऊन पोराला टोचून आणलं असतं. आणि लांबची गोष्ट कशाला, २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा मुलं दगावली. कोरोनाच्या काळात कितीतरी मुलांचे डोस राहून गेले होते, तिथे कुणी तत्त्वासाठी लस नाकारली होती असं नाही, अनेकांच्या बाबतीत ती पोचलीच नव्हती. तुमच्या दारात ती आहे.

ग्रुपवरच्या व्हिडिओंवर मी फार लिहिणार नाही कारण एकाला उत्तर दिलं की दुसरा येतो आणि त्यात तुमची संध्याकाळ जाते. एमएमआरने ऑटिझम होतो म्हणतात, तेवढ्याचं सांगते कारण ते हमखास असणार. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने फक्त १२ मुलांवरून तसा एक लेख लिहिला, त्यातली माहिती फिरवलेली निघाली, २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. त्यानंतर डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा माग काढला, एमएमआर घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. पाऱ्याचं विचारलं तर, एमएमआरमध्ये थायमेरोसल, म्हणजे पारा असलेलं ते प्रिझर्व्हेटिव्ह, कधीच नव्हतं. बस. यापुढे नवऱ्याने व्हिडिओ दाखवला तर त्याच्यावर वाद घालू नकोस, "हा डॉक्टरांना विचारायच्या यादीत टाकूया" म्हण आणि खरंच टाक.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी मुलीची नाही वाटत, धाकट्याची वाटते. तिला निदान वर्षापर्यंतचे डोस मिळालेत. त्याच्याकडे काहीच नाही. चार महिन्यांच्या बाळाला डांग्या खोकला झाला तर ते मोठ्यांसारखं खोकत नाही, कधीकधी श्वासच थांबतो, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या पस्तीस हजारांवर केसेस झाल्या. ऑगस्टमध्ये त्याची बहीण शाळेत जाईल, तिचा डांग्या खोकल्याचा कोर्स अर्धवट, संध्याकाळी घरी येऊन ती बाळाच्या तोंडाला तोंड लावून खेळणार, कोण अडवणार तिला. गोवराची लस तर त्याला सहा महिन्यांच्या आत देतच नाहीत, तोवर त्याचं संरक्षण म्हणजे त्याच्या आजूबाजूची माणसं आजारी न पडणं, एवढंच. हे नवऱ्याला सांग, पण दोष देत नाही अशा आवाजात. त्याला मुलीबद्दल जे वाटतं तेच मुलाबद्दलही वाटत असणार, फक्त त्या बाजूने त्याने अजून बघितलं नसेल.

आणि तो तरीही नाही म्हणाला तर? तर त्याला म्हण, मी सही करणार नाही, आणि तूही मला न सांगता करू नकोस, डॉक्टरांकडे दोघं जाऊन येईपर्यंत थांब. एवढं मागायचा तुला पूर्ण हक्क आहे, तू आई आहेस. भांडण नको म्हणून गप्प बसणं हाही एक निर्णयच होतो आणि तो मुलांच्या वाट्याला जातो. त्याला हेही माहीत असू दे की सूट घेतली आणि शाळेत गोवर निघाला तर मुलीला २१ दिवस घरी बसवू शकतात, प्रत्येक नव्या केसमागे मुदत पुढे जाऊ शकते, आणि संपर्क आला तर ७२ तासांच्या आत लस देऊन काही वेळा आजार टाळता येतो, म्हणजे त्या वेळी पुन्हा हाच प्रश्न तुमच्यासमोर येणार आणि विचार करायला तीन दिवससुद्धा नसणार.

आता कामाचं. आधी फक्त बाळाची अपॉइंटमेंट घे, दोघांची एकदम नको. बाळाला झटका आलेला नाही, त्यामुळे तिथे नवऱ्याचा विरोध कमी असेल, त्याच्या डांग्या खोकला-घटसर्प-धनुर्वात, पोलिओ वगैरे लसी सुरू होऊ देत. फोनवरच सांग की मोठीच्या झटक्याबद्दल बोलायला जास्तीचा वेळ हवाय, आणि ते डॉक्टर घाईत उडवाउडवी करणारे असतील तर दुसरे शोध, डॅलसकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ बरेच आहेत, मराठी कुणी मिळाले तर उत्तम, आपल्या भाषेत ऐकलं की काही गोष्टी आत पोचतात. जाताना मुलीचा लसींचा रेकॉर्ड आणि त्या रात्रीचे हॉस्पिटलचे कागद घेऊन जा आणि एवढं विचार: वर्षाच्या वयात तिला एकत्र लस दिली होती की वेगळी, आता एमएमआर आणि कांजिण्यांची वेगवेगळी देता येईल ना, डोसनंतर कुठल्या दिवसांत तापावर लक्ष ठेवायचं, ताप आला तर तिच्या वजनाला कुठलं औषध किती, आणि समजा झटका आलाच तर घरी काय करायचं, किती मिनिटांनंतर ॲम्ब्युलन्स बोलवायची. ही उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर लाव. नवऱ्याला आधी बोलू दे तिथे, तू मध्ये पडू नकोस.

डिसेंबरच्या प्रवासाचं आत्ताच सांगून ठेव. बाळ तेव्हा वर्षाच्या आतलं असलं तरी परदेश प्रवास असेल तर सहा महिन्यांनंतर एमएमआरचा एक लवकरचा डोस देतात, निघायच्या निदान दोन आठवडे आधी. तो नेहमीच्या दोन डोसांत मोजत नाहीत, वर्षानंतर ते दोन पुन्हा घ्यायचेच. लग्नघरात शंभर माणसं त्याला उचलून घेणार, विमानतळावर तर विचारूच नको.

आणि सासूबाईंना आजच फोन कर. बाळाला भेटायला येण्याआधी डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस मिळते, टीडॅप, ती कराडमधल्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून विमानात बसायच्या दोन आठवडे आधी घ्यायला सांग. म्हण, तुमच्या नातवासाठी घ्या. घेतली की पावतीचा फोटो मागव आणि घरच्या ग्रुपवर टाक, नवऱ्यालाही दिसू दे.